काळजीने झोप उडते तेव्हा प्रार्थना नेमकी करायची कशी

"चिंता करू नका, प्रार्थना करा" हे आपण लहानपणापासून ऐकतोय, शब्बाथ शाळेतही हेच आणि मयताच्या घरीही हेच, पण करायची कशी ते फारसं कोणी सांगत नाही. होतं काय की रात्री दोन-अडीचला जाग येते, होम लोनचा हप्ता, पोरीचा नीटचा निकाल, आईची बायोप्सी, कंपनीत चाललेली कपात, सगळं एकदम डोक्यात सुरू होतं, आपण उठून बसतो, हात जोडतो, "हे स्वर्गीय पित्या" म्हणतो आणि पुढची वीस मिनिटं तेच सगळं परत मनात घोळवतो, फक्त आता डोळे मिटलेले असतात, आणि शेवटी आमेन लावतो. खरं सांगायचं तर ती काळजीच झाली, आमेन लावलेली. आणि सकाळी वर अजून एक ओझं, की एवढी प्रार्थना केली तरी शांती नाही म्हणजे आपला विश्वासच कमी पडतोय.

आधी हे शेवटचं ओझं उतरवू, कारण ते डोक्यावर असताना पुढचं काहीच जमणार नाही.

"कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं वचन आपल्याकडे कॅलेंडरवर नाहीतर भिंतीवर असतंच. ते लिहिणारा पौल त्या वेळी कैदेत होता, सुटणार की मरणार हे पक्कं नव्हतं. आणि ह्याच पत्रात, दोनच अध्याय आधी, तो लिहितो की त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला, त्याला मी तुमच्याकडे लगेच पाठवतोय म्हणजे तुम्हाला बरं वाटेल आणि माझंही दुःख हलकं होईल. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तर फटके, दगडमार, गलबत फुटणं अशी भलीमोठी यादी देऊन वर म्हणतो की ह्याशिवाय सगळ्या मंडळ्यांची (म्हणजे चर्चची) चिंता रोज माझ्यावर आहेच. म्हणजे "चिंता करू नका" लिहिणाऱ्या माणसाला चिंता होती आणि ती त्याने लपवली नाही. प्रभू येशू स्वतः, पकडला जायच्या आधी, गेथशेमाने बागेत इतका कासावीस झाला की त्याने शिष्यांना सांगितलं, इथेच थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी तुम्हाला "काळजी करणं म्हणजे अविश्वास" असं ऐकवलं तर हो हो म्हणा आणि सोडून द्या.

आता कामाचं बोलू.

पहिलं काम, काळजीला नाव द्या

"देवा, तुला सगळं ठाऊक आहे, तूच बघ" ही प्रार्थना ऐकायला फार नम्र वाटते पण रात्री अडीचला तिचा उपयोग होत नाही, कारण सगळं म्हणजे काय हे आपल्यालाच धड माहीत नसतं, छातीवर नुसतं दडपण असतं. पौलाच्या त्याच वचनात पुढे काय म्हटलंय बघा, "सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा". कळवा म्हटलंय. देवाला ठाऊक असूनही कळवायला सांगितलंय, म्हणजे कळवण्याची गरज आपल्याला आहे.

तर उठा, लाइट लावा, एक साधी वही घ्या (मोबाईलच्या नोट्समध्ये नको, का ते पुढे येईल) आणि बोलतो तशा भाषेत लिहा. प्रार्थनेची जी एक ठेवणीतली मराठी असते ना, "आम्ही अपात्र असताना तुझ्या चरणी लीन होऊन येतो" वगैरे, ती रविवारी उपासनेत छान आहे, इथे नको. असं काहीतरी लिहा:

"देवा, सोमवारी अकराला एचआरने मीटिंग लावलीये. मला वाटतंय काढणार. काढलं तर पाच तारखेचा हप्ता कुठून भरू. घरात अजून सांगितलं नाही आणि ते लपवणं जास्त जड जातंय. नोकरी राहू दे. आणि आज तिला सांगायची हिंमत दे."

झालं, एवढंच. पण नीट बघा काय झालं, लिहायला बसलो होतो नोकरीवर आणि लिहिता लिहिता दुसरीच गोष्ट वर आली, बायकोपासून लपवण्याची. असं फार वेळा होतं. मोठ्या काळजीच्या खाली एखादी लहान काळजी दडलेली असते आणि तिच्यावर मात्र उद्या सकाळी चहा पिता पिता काहीतरी करता येतं. मोघम प्रार्थनेत ती सापडत नाही.

आभाराचं काय, तर ते पण तितकंच नेमकं ठेवा. आजाराबद्दल आभार माना असं पौल म्हणत नाहीये, मागणी करताना सोबत आभार असू द्या म्हणतोय. "आज रिपोर्ट घ्यायला भाऊ सोबत आला होता" हे आभाराचं वाक्य आहे. "तुझ्या अगणित आशीर्वादांबद्दल" ह्याने मन कुठेच टेकत नाही.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, त्यांची शंभर पानी वही मी पाहिलीये, डाव्या पानावर तारीख आणि मागणी, उजवं पान कोरं. "धाकट्याचा ताप." "बोअरला पाणी लागू दे." "सुनेशी माझं तोंड नीट राहू दे." पुढे काय झालं ते महिन्या-दोन महिन्यांनी उजव्या पानावर लिहितात, आणि तिथे सगळीकडे काही हालेलुया नाहीये, काही ठिकाणी सरळ "नाही मिळालं" असं लिहिलंय, एका ठिकाणी "नाही मिळालं. राग आला होता. आता नाही." ३१ डिसेंबरच्या रात्री वॉच नाईटच्या उपासनेला निघायच्या आधी त्या ती वही पहिल्यापासून वाचून काढतात. मला वाटतं त्यांचा जो स्वभाव शांत आहे तो ह्या उजव्या पानांमुळे आहे, कारण त्यांना आधीच्या काळज्यांचं पुढे काय झालं ते माहीत असतं, आपण मात्र जुनी काळजी संपली की विसरून नवी धरतो.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्रातून घ्या

कधी कधी लिहायचीही ताकद नसते. अशा वेळी बायबलमधलं स्तोत्रसंहितेचं पुस्तक उघडा, आणि कृपा करून फक्त २३ आणि ९१ वर थांबू नका. दीडशे स्तोत्रांत रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं कितीतरी आहेत, आपण ती उपासनेत फार कमी वाचतो, का कोण जाणे, बहुतेक रविवारी सकाळी चांगले कपडे घालून "देवा तू मला विसरलास" म्हणायला अवघड वाटत असावं.

तेरावं स्तोत्र घ्या, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो की कुठवर, अजून कुठवर. मग मागणी करतो. मग पाचव्या ओवीत वळतो आणि म्हणतो की तरी तुझ्या दयेवर माझा भरवसा आहे. मधे परिस्थिती बदलली असं कुठे लिहिलेलं नाही. हे मोठ्याने वाचा, घरचे झोपले असतील तर ओठ हलवून वाचा, आणि पहिल्या दोन ओव्या घाईने उरकून पाचवीवर उडी मारू नका. त्या चार "कुठवर"च्या जागी आपलं आपलं घाला, कुठवर हा खोकला, कुठवर ही कोर्टाची तारीख.

४२ आणि ४३ ही जोडीने वाचायची स्तोत्रं, त्यात एकच कडवं तीनदा येतं, माणूस स्वतःच्या जिवालाच विचारतोय, का रे खिन्न झालास, आत का तळमळतोस, देवाची आशा धर. हे खूप कामाचं आहे, कारण काळजीत आपण स्वतःचं ऐकत बसतो, इथे तो स्वतःशी बोलतो. आणि अगदीच काळोख असेल, म्हणजे आशेचा शब्दसुद्धा खोटा वाटत असेल, तर ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी काही गोड होत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला स्वतःला ह्या एका गोष्टीचा जेवढा आधार वाटतो तेवढा कित्येक प्रवचनांचा वाटलेला नाही.

श्वासावर प्रार्थना

हे लोकांना कधी कधी ख्रिस्ती वाटत नाही, पण ख्रिस्ती लोक फार जुन्या काळापासून करत आलेत. पूर्वेकडच्या मंडळ्यांमधले साधू शतकानुशतकं "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर" एवढंच वाक्य दिवसभर जपत आलेत. वसईकडच्या आपल्या कॅथलिक लोकांची रोझरी घ्या, दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे, "नमो मरिये" म्हणत बोटं पुढे सरकतात, हाताला काम मिळतं आणि मन हळूहळू मागून येतं. आम्ही प्रोटेस्टंट लोक ह्याला लगेच पोपटपंची म्हणतो, पण मत्तय २६ मध्ये स्पष्ट आहे की गेथशेमानेत येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली तेव्हा तेच शब्द पुन्हा म्हटले. घाबरलेल्या माणसाला नवीन शब्द सुचत नाहीत, तेच तेच येतात, आणि तेवढे चालतात.

करायचं असं. पाठ टेकून बसा किंवा आडवे व्हा. नाकाने श्वास घेताना मनात "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", सोडताना "मला काही उणे पडणार नाही". सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा, सावकाश, श्वास लांब सोडला की हृदयाची धडधड उतरते, ही शरीराचीच रचना आहे, त्यात जादू काही नाही. विचार येतील, हप्ता येईल, साहेब येईल, येऊ देत, भांडू नका, पुढच्या श्वासाला परत वाक्यावर या. किती वेळा म्हणायचं ते मोजू नका, मोजायला लागलात की त्याचीच काळजी सुरू होते. झोप लागली तर लागू दे, प्रार्थना अर्धी राहिली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

गाणाऱ्यांसाठी ह्याहून सोपा मार्ग आहे. "उपासना संगीत" हे आपलं गीतांचं पुस्तक उघडा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं संथ चालीचं भजन घ्या, टाळ-पेटी काही नको, नुसतं गुणगुणा. अभंगाची ओळ लांब असते, ती एका दमात म्हणायची तर श्वास आपोआप लांब सोडला जातो, आणि शब्द तर आपल्याच मातीतले आहेत, आजीच्या तोंडी ऐकलेले. फास्ट वर्शिप साँग ह्या वेळेला नको, ते रविवारी.

आजपुरतं

मत्तयच्या सहाव्या अध्यायात "उद्याची चिंता करू नका" आहे आणि त्याच अध्यायात थोडं वर "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" आहे. दोन्ही एकत्र धरा. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा तोही त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता, ज्यांनी उद्यासाठी म्हणून ठेवला त्याला किडे पडून वास सुटला, शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट घ्यायची मुभा होती.

म्हणून वहीत लिहिलेल्या काळजीखाली एक रेघ मारा आणि खाली फक्त आज करायचं एक काम लिहा. बँकेत फोन करून हप्ता पुढे ढकलता येतो का विचारणं. डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न लिहून ठेवणं. रिझ्युमे अपडेट करणं. काही वेळा काहीच काम नसतं, रिपोर्ट शुक्रवारी येणार म्हणजे शुक्रवारीच येणार, तर तसंच लिहा, "आज काही करायचं नाही, शुक्रवारी बघू", आणि वही मिटा. बियाणं, पेरणी, पाऊस ह्याच्या काळजीत असणाऱ्या शेतकरी भावांना तर हे मी काय सांगणार, पेरणी करून आभाळाकडे बघत थांबणं त्यांना रोजचंच आहे, पण सोसायटीच्या कर्जाचं बोलायचं राहिलं असेल तर ते आजच्या कामात येतं.

"देवावर सोडलं" म्हणून हातपाय न हलवणं हे मात्र मला पटत नाही. सोडायचं ते निकालाचं, काम आपल्याकडेच राहतं.

फोन

वही का म्हटलं ते आता. रात्री नोट्स लिहायला मोबाईल उघडला की वरून नोटिफिकेशन येतं आणि आपण युद्धाच्या बातम्या, नाहीतर शेअर बाजार, नाहीतर कोणीतरी पाठवलेला भविष्यवाणीचा व्हिडिओ बघायला लागतो, "प्रभूने मला दाखवलं आहे की येत्या तीन महिन्यांत" वगैरे. अशा व्हिडिओने कोणाला शांती मिळाली असं मी तरी पाहिलेलं नाही, भीती मात्र भरपूर मिळते, आणि शेवटी बहुतेक वेळा देणगीचा क्यूआर कोड असतो. "हे वचन अकरा जणांना पाठवा" तर सरळ डिलीट करा, पाठवलं नाही म्हणून देव काही रागावत नाही. झोपायच्या खोलीत चार्जर ठेवू नका, अलार्मसाठी साधं घड्याळ आणा.

आधी खा, आधी झोपा

हा मुद्दा अध्यात्मात सगळ्यात कमी बोलला जातो. पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. देवाने काय केलं? झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं आणि म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन परत झोपला. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. "तू इथे काय करतोस" हा प्रश्न त्यानंतर, तोही चाळीस दिवसांची वाट चालून होरेबला पोचल्यावर.

म्हणून सगळं काही निरर्थक वाटतंय अशा वेळी मोठे आत्मिक निर्णय घेऊ नका, आधी बघा दुपारी जेवलात का, किती रात्री धड झोप नाही, चहा किती झाला. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळात तारू पाण्याने भरायला लागलं होतं आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, उशीचा उल्लेख मुद्दाम आहे.

एकटे राहू नका

"माझ्यासाठी प्रार्थना करा" असं ग्रुपवर टाकलं की पन्नास हात जोडलेले इमोजी येतात, बरं वाटतं, पण तेवढ्यावर भागत नाही. दोन माणसं निवडा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी, आणि त्यांना नेमकं सांगा, "गुरुवारी दहाला बायोप्सी आहे, त्या वेळी माझ्यासाठी प्रार्थना कर आणि संध्याकाळी फोन कर." घरप्रार्थनेत सगळ्यांसमोर सांगायची सक्ती नाही, आपल्याकडे प्रार्थनेची विनंती आणि चहाटळपणा ह्यांच्यातली भिंत पातळ असते हे सगळ्यांना माहीत आहे. आणि तुम्ही ऐकणारे असाल तर लगेच वचन फेकू नका, आधी पूर्ण ऐका, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते, बोलायला लागले आणि बिघडलं.

उत्तर मिळेलच असंही कोणाला सांगू नका. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो मुली आणि विधवा तिथे आल्या. आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा पण गेली. त्याही काळात त्यांचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं काम चालू होतं, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. साक्षीमध्ये आपण "प्रभूने मार्ग काढला"च्याच गोष्टी सांगतो, ज्यांच्यासाठी तसा मार्ग निघाला नाही आणि तरी जे दुसऱ्या दिवशी कामाला बसले त्यांच्या साक्षी पण व्हायला हव्यात, काळजीतल्या माणसाला त्या जास्त उपयोगी पडतात.

आता शेवटचं, आणि हे गंभीरपणे घ्या. हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे झोप नाही, छातीत धडधडून हात थरथरतात, जेवण जात नाही, कामावर जाववत नाही, किंवा जगूच नये असं वाटतंय, तर डॉक्टरकडे जा. टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. लूक, ज्याच्या नावाने शुभवर्तमान आहे, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो, वैद्यकी आणि विश्वास एकाच प्रवासात चालत होते. पाळकांशी पण बोला, चांगले पाळक स्वतःच डॉक्टरकडे पाठवतात आणि सोबतही येतात. पण कोणी, मग ते व्यासपीठावरून का असेना, "विश्वास असेल तर गोळ्या फेकून दे" म्हणाले, तर त्यांना सलाम करा, बाहेर या आणि रात्रीची गोळी वेळेवर घ्या, ती बंद करायची असेल तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरलाच विचारून.